रेझोनन्स शे

बारावीचं प्रॅक्टिकल म्हटलं की पोरं प्रयोगाला भीत नसत, व्हायव्हाला भीत. व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून एक एक्स्टर्नल यायचे, तुमच्या टेबलासमोर उभे राहायचे आणि इंग्रजीत प्रश्न विचारायचे. दहावीपर्यंत आम्ही 'घनता' आणि 'वेग' म्हणत सुखात वाढलो होतो. अकरावीत त्यांची डेन्सिटी आणि व्हेलॉसिटी झाली आणि जळगावच्या आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरापोरींच्या तोंडाला कुलूप लागलं. माझ्या नाही. मला पाठांतराची देणगी होती. अर्थ कळो न कळो, व्याख्या मी पाढ्यासारखी घडाघडा म्हणून दाखवायचे आणि वर शहाणी म्हणून मिरवायचे.

प्रयोगाच्या टेबलावर माझी पार्टनर होती अमळनेरकडच्या एका खेड्यातली मुलगी. होस्टेलवर राहायची. हात असा, की नादकाटा रबरावर आपटून पाण्याच्या नळीवर धरला की आवाज कुठे घुमतो ते तिला लगेच सापडायचं. मी तोवर पाणी वर करू की खाली यातच अडकलेली. पण तिला इंग्रजी बोलायला लावलं की 'इज'च्या जागी हटकून 'शे' यायचा. तिच्या घरची भाषा अहिराणी, आणि अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. "टेम्परेचर कॉन्स्टंट शे." "लेंग्थ फिफ्टी सेंटिमीटर शे." बाकी वाक्य बिनचूक.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिला धुळ्याला डी. फार्मसी करायची होती. औषधाचं दुकान, काउंटरमागे आपण आणि वर आपल्या नावाची पाटी, इथपर्यंत तिचं ठरलेलं होतं. तिच्या आबांचंही ठरलेलं होतं. "बठ्ठा विषयमा पास व्हयनी तर धुयाले धाडसू," ते म्हणाले होते, "नही ते कपाशी शेच." म्हणजे सगळ्या विषयांत पास झाली तरच धुळं, नाहीतर घरची कपाशी वेचायची. आणि प्रॅक्टिकलमध्ये गचकलं तर लेखीतले मार्क काय चाटायचे होते?

तेव्हा तिला तयार करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. परीक्षेआधी दर रविवारी ती आमच्याकडे यायची. गच्चीवर आईने पापड वाळत घातलेले असायचे. एका बाजूला मी वडिलांचा जुना चष्मा नाकावर लावून एक्स्टर्नल व्हायचे आणि तिला उन्हात उभं करायचे.

"व्हॉट इज लीस्ट काउंट?" मी घशातून आवाज काढून विचारायचे. वर्गातली अर्धी पोरं याला 'लिस्ट काउंट' म्हणायची आणि यादी मोजायची असते असं समजायची. उपकरणाने मोजता येतं ते सगळ्यात लहान माप, हे हिला नीट माहीत होतं. पण उत्तराच्या शेवटी 'शे' यायचाच.

मी शिक्षा ठेवली. दर 'शे'ला एक हिरवी मिरची चावायची. ही शिक्षा ठेवणाऱ्याची अक्कल काय वर्णावी! ती मिरच्या शेंगदाण्यासारख्या खायची. पहिल्या रविवारी पोरगी मुद्दाम चुकतेय अशी मला शंका आली. आईने खालून विचारलं, "अगं, ठेच्याच्या मिरच्या कुठे गेल्या?" मग मी शिक्षा फिरवली. दर 'शे'ला एक चमचा साखर. गोडाचं तिला वावडं. चार चमच्यांत 'इज' ताळ्यावर आलं. इतकं आलं, की होस्टेलच्या मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना ती म्हणाली, "मावशी, वरण खारट इज." मावशींनी ती ऐट दाखवतेय असं समजून तिला दोन दिवस वरणच वाढलं नाही.

परीक्षेच्या दिवशी धुळ्याचे एक्स्टर्नल येणार अशी बातमी होती. निदान आपल्याकडचा माणूस, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आले ते नगरकडचे. उंच, मिशीवाले, तोंडात लवंग. चिठ्ठीत तिला रेझोनन्स ट्यूब आली, म्हणजे तोच तिचा नादकाट्याचा प्रयोग. मला शेजारच्याच टेबलावर मीटर ब्रिज. तिने रीडिंगं भराभर घेतली. मी मात्र उत्तर काय यायला हवं ते ध्यानात ठेवून त्यावरून उलटी रीडिंगं रचत चालले होते. ही विद्या त्या काळी सगळ्यांनाच येत असे.

एक्स्टर्नल तिच्यासमोर आले. मागे आमचे सर.

"व्हॉट इज रेझोनन्स?"

तिने नादकाटा खाली ठेवला. ओठ हलले. आणि सगळी साखर पाण्यात गेली.

"रेझोनन्स शे..." ती म्हणाली आणि थांबली.

त्यांच्या कानाला ते इंग्रजीतलं 'शी' वाटलं. भुवया चढवून ते म्हणाले, "शी? हू इज शी?"

तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि थेट माझ्याकडे बोट केलं. "शी इज माय पार्टनर, सर."

'इज' कसं ठणठणीत आलं होतं! आमच्या सरांनी रुमालात तोंड घातलं. मग त्यांनीच पुढे होऊन एक्स्टर्नलना 'शे'चा अर्थ सांगितला. ते मिशीत हसले, पण सोडलं नाही. मला बोलावून म्हणाले, "पार्टनर, तू सांग."

मी सुरू झाले. व्हेन द फ्रीक्वेन्सी ऑफ द एक्स्टर्नल पिरिऑडिक फोर्स... अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. "पुस्तक मी वाचलंय. तुझ्या शब्दांत सांग. मराठीत सांगितलंस तरी चालेल."

माझ्या शब्दांत? माझ्याकडे त्याबद्दल शब्दच नव्हते.

"बरं, हिच्या भाषेत होऊ दे," ते तिच्याकडे वळले. "आणि पार्टनर, तू मला त्याचं इंग्रजी करून सांग."

ती नळीकडे बघत बोलू लागली. "सर, आखाजीले झोकावर पोर बसस. टायमावर धक्का दिधा का झोका उंच जास. भलत्या टायमाले दिधा का अडकस. नळीमाधली हवा म्हंजे झोका. काटा तिले धक्का देस. दोन्हीसना टाइम येक व्हयना का हवा जोरमा बोंबलस. त्येच रेझोनन्स शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पोरी झोके घेतात. मीही दरवर्षी घ्यायचे. "ऑन आखाजी डे, अ गर्ल सिट्स ऑन अ स्विंग," असं मी सुरू केलं आणि वाक्यामागून वाक्य इंग्रजीत नेता नेता मला कळलं की रेझोनन्स काय असतो ते मला आत्ता कळतंय. मला तिचा असा राग आला! आणि तितकाच आनंदही झाला.

एक्स्टर्नलनी लवंग चावली. "उत्तर हिचं, इंग्रजी तुझं. मग मार्क कोणाला देऊ?"

ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, हे त्यांच्या मिशीवरून कळायला मार्ग नव्हता. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते आजही मला सांगता येणार नाही, कारण ती आधी बोलली.

"दोन्हीसले द्या, सर."

ते मोठ्याने हसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. निकालात आम्ही दोघीही पास झालो, ती धुळ्याला गेली, पण ते सगळं जूनमध्ये. त्या दुपारी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. व्हरांड्यात आल्या आल्या मी तिच्यावर ओरडले, "वेडी आहेस का? त्यांनी खरंच निम्मे निम्मे केले आणि तू नापास झालीस तर? धुळ्याचं काय?"

तिने खांदे उडवले. "मंग काय, पुढला साल दोन्हीजणी बसूत."

मी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मला रडू येत होतं आणि दुसरं काही सुचेना.