मैनाकाकीचा शेवटचा पसा

...तर निडीच्या मैनाकाकीचं काल अर्धंच राहिलं. रोह्याला रेल्वे यायच्या आधीची ही गोष्ट. नव्या तांदळाचा भात खायच्या दिवशी काकी आधी एकेक पसा तांदूळ वाटायची. विळा घडवणाऱ्या रोह्याच्या लोहाराला, सूप विणणाऱ्या बुरडीणबाईला, पेणहून मीठ घेऊन येणाऱ्या म्हातारीला. ज्याचा हात लागला त्याला दिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

त्या वर्षी सगळं वाटून झालं, आम्ही पानावर बसलो, आणि काकी घास उचलते नि परत ठेवते. उठते, दारात जाते, परत येते.

"कोनतरी राह्यलंय."

"बैलाला दिलास?" काका वैतागले.

"दिला."

"मग आता त्याच्या शेपटीला दे!"

काकी हसली नाही. दारातून तिनं शेताकडे बघितलं आणि थबकलीच. आमच्या खाचरात पाणी यायचं ते वरच्या केरूच्या खाचरातून. बांधावरून भांडण झालेलं, तीन वर्षं बोलणं बंद. ओंजळ भरून ती तरातरा निघाली, आणि तिच्या मागून आम्ही सगळे उपाशी.

केरू ओटीवरच होता. "काय गो वयनी, तीन वर्सांनी तोंड उघडनार वाटतं?"

काकी म्हणाली, "तुझ्याशी मी अजून बोलत नाय. पन तुझ्या खाचरातलं पानी पावसाळाभर माझ्याकडं आलं, त्यानं कधी भांडन काढलं नाय. धर पसा, तिकडं माझा भात निवतोय."