पोरी सासरी, आई भंगारात

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. कॉपीची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकतेय आणि मी दिगंबरमामाच्या खुर्चीत पेंगतोय. मामा दिवाळीत वारला. कराडचं हे लग्नपत्रिकांचं दुकान आता शैलामामी चालवणार. सगळ्या फायली नव्या कॉम्प्युटरवर चालल्यात. अडलंय ते अंगठ्याएवढ्या लॉकपाशी. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडतच नाही. समोरचा छापखानेवाला चोरेल म्हणून मामा ते रोज लपवायचा. शेवटच्या दिवशीही लपवलं, आणि गेला. लॉक नाही तर दुकान नाही.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी म्हणतं, "ऊठ. माझी खुर्ची आहे."

मामा. बनियन, गंध, चेहऱ्यावर नेहमीचा संशय.

"मामा, तू तर..."

"माहितीये मला. हे काय चाललंय?"

"फायली हलवतोय."

दुकान आता मंगल कार्यालय आहे. फायली नटूनथटून टेम्पोत बसतायत. 'अंतिम', 'अंतिम नक्की' आणि 'अंतिम देवाशप्पथ' या तिघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. जुना कॉम्प्युटर पदरानं डोळे पुसतोय. मामा नव्या कॉम्प्युटरभोवती फेरी मारतो.

"पगार?"

"सोळा जीबी रॅम."

"व्यसन?"

"इंटरनेट."

"म्हणजे कायम बाहेर."

"मामा, लॉक कुठंय? मामीचं दुकान बंद पडेल."

"तुला समोरच्यानं पाठवलंय ना?"

"मी तुझा भाचा आहे!"

"तोही कुणाचा तरी असेलच."

कार्यालयात आता दसरा आहे. मामा जुन्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतोय. "हिचं काय करणार?"

मी टेम्पोकडे बघतो.

"चिंग्या."

"भंगारवाला येतोय."

मामाचा हात थांबतो. "पोरी सासरी, आणि आई भंगारात? तुझ्या मुंजीची पत्रिका हिनंच केली."

"तारीख चुकली होती. लोक आदल्या दिवशी जेवायला आले."

"उपाशी गेले का?"

नव्हते गेले. "ठेवतो तिला," मी म्हणतो. "तुझी शपथ."

"माझी आता काय कामाची? मामीची घे."

घेतो. मामा दोन्हीकडे बघतो, माझ्या मुठीत काहीतरी कोंबतो. "समोरच्याला दाखवू नकोस."

"अरे ऊठ!" मामी खांदा हलवतेय. कॉपी संपलीय. दारात भंगारवाला जुन्या कॉम्प्युटरचा डबा घेऊन निघालाय.

"थांबा!" मी ओरडतो.

"का रे?"

मी मूठ उघडतो. लॉक. कुंकवानं माखलेलं.

मामीचे डोळे बारीक होतात. "म्हणजे इतके दिवस तुझ्याकडेच होतं?"

"आत्ता मिळालं. मामानं दिलं. जुना डबा ठेवायच्या बोलीवर."

"त्यांनी? मला जन्मात हात लावू दिला नाही त्याला."

ती हळूच बोट लावते. कुंकू ओलं आहे; बोटाला येतं. ती बराच वेळ बोटाकडे बघते, मग दाराकडे वळते.

"अहो, तो होता तिथं ठेवा. सावकाश."