नदी कोरडी असतानाची इलेक्शन

वकिलाच्या कारकुनाकडे दोनच गोष्टी साठतात, जुने कागद आणि किस्से. कागद दिवाळीला बंबात घालता येतात. किस्से कुठे घालणार? त्यातही सदतीस सालच्या इलेक्शनचे अजून सलतात, म्हणून एकदाचे सांगून टाकतो.

आमच्याकडच्या जुन्या मेंबरांनी वयामुळे जागा सोडली. झालं! एरंडोलपासून धरणगावपर्यंत ज्याच्या अंगावर इस्त्रीचा कोट, त्याला मुंबईच्या असेंब्लीची स्वप्नं पडू लागली. शेवटी दोघे उरले. एक कापसाचं जिन चालवणारे शेठ, दुसरे नानासाहेब वकील, म्हणजे माझे मालक. मी कारकुनाचा कार्यकर्ता झालो. काम तेच, फक्त चालणं वाढलं!

* * *

नानासाहेबांना मी अंजनी नदीपलीकडच्या एका गावी नेलं. माघ महिना, नदीत नावालाही पाणी नाही. पात्रातून चालत गेलो तरी वहाणांना ओल लागली नाही.

पलीकडे उखाआबा उभे होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. म्हणाले, "नाना, आम्हले दुसरं काही नको. नदीवर फरशी बांधी द्या." फरशी म्हणजे गाडी जाईल एवढा बुटका पूल. "श्रावणमा मन्ही सून बाळंतपनमा अडनी. नदीले पूर व्हता. गाडी काठवरच उभी ऱ्हायनी, नी ती गाडामाच गयी."

"आबा, निवडून आलो की पहिलं काम हेच!" नानासाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला.

परतताना पात्राच्या मधोमध थांबून मला म्हणाले, "याला पूल? अरे, ही तर सडकच आहे!"

मी हसलो. मालक विनोद करतात तेव्हा हसायचं, ही नोकरीतली सवय.

* * *

मग सातपुड्याच्या पायथ्याला बाजारात सभा ठेवली. नानासाहेब दोन तास लोकांच्या हक्कांवर बोलले. डिंक, मोहाची फुलं विकायला आलेली माणसं टोपल्या बाजूला ठेवून ऐकत होती. टाळ्या तर अशा, की नानासाहेबांचे डोळे भरून आले!

गाडीत बसल्यावर मी मतदारयादी उघडली. जमिनीचा सारा भरणाऱ्यालाच मत, आणि यांच्यापैकी कुणाच्या नावावर जमीन नाही. सगळ्या बाजारात मत एकालाच, दारूच्या दुकानाच्या मालकाला. आणि तो धुळ्याला गेलेला!

"पुन्हा इकडे यायचं नाही," नानासाहेब म्हणाले. आम्ही पुन्हा गेलो नाही.

* * *

मतदानाला उखाआबांनी गाड्या जुंपून गाव आणलं. त्या खेपेला सारा भरणाऱ्यांच्या बायकांनाही मत होतं. यादीत त्या 'अमक्याची बायको' एवढ्याच.

टेबलामागचा अंमलदार नाशकाकडचा. पहिल्या बाईला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

बाई मागे सरकली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"नाव सांगा, नाहीतर मत नाही!"

मागची पुढे सरसावली. "साहेब, हिना नवरानं नाव सुकदेव. मन्हा नवरानं नाव ती सांगी!"

मला वाटलं, सुटला प्रश्न. अंमलदार म्हणाला, "ज्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. कायदा आहे."

आबांची म्हातारी खवळली. "पन्नास वरीस नाव लिधं नई, आते तुन्हा कागदसाठे लेऊ का?"

तिच्यामागून निम्म्या बायका परतल्या. उरलेल्यांनी पदर तोंडावर ओढून, डोळे मिटून नाव घेतलं. मत देऊन बाहेर आल्यावर एक जण रडत होती. कशासाठी? फरशीसाठी.

* * *

नानासाहेब निवडून आले. आबा दर बाजाराच्या दिवशी कचेरीत येऊन बाकावर बसू लागले. आतून हुकूम असायचा, "सांग, साहेब मुंबईला गेलेत."

मी सांगायचो. एकदा आत कपबशी वाजली.

आबा उठले, काठी घेतली. "भाऊ, मुंबईना चहाना वास आठलोंग येस!" आठलोंग म्हणजे इथपर्यंत.

मी यादीवर रेघा मारत बसलो. दुसरं काय करणार? आजही आठवलं की लाज वाटते.

* * *

आषाढात आबांनीच सत्काराचं बोलावणं धाडलं. नानासाहेबांना सत्कार नाही म्हणवत नाही. आम्ही निघालो आणि वाटेत पावसानं गाठलं. अंजनीवर पोचलो तर नदी दुथडी! पलीकडे सारं गाव हार, डफ घेऊन उभं.

नानासाहेब छत्रीखाली चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले. तोंडाचा भोंगा करून ओरडले, "आबा! मी परत जातो! मला पडसं होईल!"

पलीकडून उखाआबांनी हात वर केला.

"थांबा नाना! उतरी पानी! मन्ही सूनबी आठेच थांबेल व्हती!"

डफ बंद पडला. नानासाहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय रे म्हातारा?"

मी म्हटलं, "पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, साहेब."