दांड्याचं दुसरं टोक

लमीन वारल्याला वीस दिवस झाले, पण त्याचा धाकटा भाऊ खमीसच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तातावीनच्या डोंगरातली माणसं कुजबुजायची. कुजबुजणारच, त्यांना दुसरा उद्योग काय? खमीस आपला घाण्यावर यायचा, ऑलिव्ह दळायचा, लगदा गवताच्या चपट्या टोपल्यांत भरून लाकडी स्क्रूखाली रचायचा आणि दांडा धरायचा.

दांडा स्क्रूच्या डोक्यातून आरपार गेलेला. तीस वर्षं एका टोकाला खमीस, दुसऱ्या टोकाला लमीन. एकाचं तोंड डोंगराकडे, तर दुसऱ्याचं गावाकडे. दोघांचा रेटा एकमेकांच्या उलट, पण सारखाच. म्हणून स्क्रू फिरत सरळ खाली उतरायचा, बाजूला तसूभरही सरकायचा नाही.

मृत्यूनंतरचा चाळीसावा दिवस होऊन सुतक फिटेपर्यंत भावाच्या टोकाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं खमीसने ठरवलं. गावाने परोपरीने समजावलं, पण हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ! त्याने आपल्या टोकाला लांब लोखंडी नळी चढवली. बळ पुरलं, स्क्रू फिरलाही. पण एकाच बाजूचा रेटा फिरवतो तसा ढकलतोही. चार दिवसांत स्क्रू कलला, आटे खरडून भुसा गळू लागला. आटे गेले की घाणा गेला, आणि घाण्यावाचून खमीसला दुसरं काहीच येत नव्हतं. तो भुसा बघूनही त्याला काही वाटेना.

पाचव्या दिवशी लमीनची लेक अल्जिया सासरचे ऑलिव्ह घेऊन आली. तिने भुसा पाहिला, न विचारता नळी काढली आणि बापाच्या जागी उभी राहिली. खमीसला तिला हाकलायचंही त्राण नव्हतं. त्याने नेहमीसारखा रेटा दिला. स्क्रू पुन्हा करकरत कलला.

"जोर लाव की," तो म्हणाला. "तुझ्या बापाला कधी सांगावं लागलं नाही."

अल्जिया थांबली. "काका, शेवटची दोन वर्षं बाबा तुमच्याइतका जोर लावायचे, आणि घरी आले की त्यांचे हात वर होत नसत. आई घास भरवायची. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती."

खमीसने दांडा पुन्हा धरला. रडू तेव्हाही आलं नाही. त्याने दांड्यावरचा जोर थोडा कमी केला, मग आणखी थोडा, पोरीच्या जोराइतका. स्क्रू सरळ फिरू लागला, टोपल्यांतून तेल पाझरलं.

इतकं हळू रेटणं त्याला सहज जमत होतं. दोन वर्षांपूर्वीही जमलं असतं.