भिजवलेली चाकं

अजूनही कुणीतरी येतं आणि म्हणतं, "रावसाहेब, जुना टांगा घेतोय, जरा नजर घालाल का?" मी नाही म्हणतो. पेन्शनीत निघाल्यापासून म्हाताऱ्याला मिजास चढली, असं लोक बोलतात. बोलू देत. ठाण्याच्या कचेरीत पंचवीसेक वर्षं भाड्याच्या गाड्यांची वही माझ्याकडे होती. घोडा जुंपलेली गाडी बघूनच तिचं दुखणं सांगतो, अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला भारी तोरा होता. बायको म्हणायची, "घरातल्यांची तोंडं ओळखता येत नाहीत, पण गाडीचा आरा न् आरा ओळखतात." तिचं खरं होतं.

तपासणी चैत्रात व्हायची. तळ्याकाठच्या मैदानात ठाण्यातल्या साऱ्या भाड्याच्या गाड्या ओळीनं उभ्या राहत. नंतर दोन दिवस कल्याणला जाऊन तिथल्या गाड्या बघायच्या. साहेबाला घोड्यांचा नाद. तो घोड्यांचे दात आणि खूर बघे, पाठीवरचे फोड बघे, आणि गाडी माझ्यावर सोपवी. माझ्या हातात एक लहान हातोडी असायची. चाकाच्या लोखंडी धावेवर तिनं टकटक केली की धाव लाकडाला घट्ट बसली असेल तर खणखणीत आवाज येतो आणि सैल असेल तर बद्द वाजतं. मग मी वहीत शेरा लिहायचा आणि साहेबानं खाली सही ठोकायची. गाडी पास झाली तर गाडीवानाला वर्षभराचा बिल्ला मिळे. नापास झाली तर महिन्याची मुदत, आणि लागोपाठ दोन वर्षं नापास झाली तर परवान्याचा नंबरच जाई. नंबरासाठी माणसं वर्षानुवर्षं वाट बघत असत, त्यामुळे गेलेला नंबर परत मिळणं म्हणजे अशक्यच.

त्या काळी आमच्याकडे एका ठरावीक बांधणीचे शिग्राम फार आले होते. शिग्राम म्हणजे चार चाकांची, वर छप्पर आणि बाजूला झिलमिलीची दारं असलेली गाडी. मुंबईत जुनी झाली की ती ठाण्यात यायची, ठाण्यात खिळखिळी झाली की कल्याणात. या बांधणीच्या एकेका गाडीची सात-आठ वर्षांची कुंडली माझ्या वहीत होती. सांगाडा बळकट, कमानी उत्तम, दांड्या कधी मोडायच्या नाहीत, रंग तर असा की नवरदेव बसवावा. पण चाकांच्या घेराला कुठलंसं विलायती लाकूड वापरलेलं. मुंबईच्या दमट हवेत ते फुगून राही आणि धाव घट्ट धरी. इथं फाल्गुनापासून खडीच्या रस्त्यावर ऊन तापलं की ते सुकून आक्रसायचं आणि धाव सैल व्हायची. वरून कीर्तन आतून तमाशा, असं मी त्या गाडीला म्हणायचो. दर चैत्रात हीच बांधणी सर्वांत जास्त नापास व्हायची, आणि ती चाकांवरच.

अशीच एक गाडी एका ख्रिस्ती गाडीवानाकडे होती. माणूस चाळिशीचा, काळासावळा, गळ्यात क्रूस आणि तोंडात सतत थट्टा. बारा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, तेव्हा कुठं त्याच्या नावावर नंबर पडला. पितळी बिल्ला तो रविवारी देवळात जातानासुद्धा काढायचा नाही. पाद्री एकदा त्याला रागावला म्हणे, तर हा म्हणाला, "फादर, तुमचा क्रूस तुमी काढता का?" ही गोष्ट त्यानंच मला सांगितली आणि स्वतःच पोट धरून हसला. मला तो आवडायचा. माझी हातोडी दिसली की ओरडायचा, "आला रं आला, आमचा वैद्य आला. गाड्यांनो, जीभ काढा!"

एका वर्षी मी त्याला नापास केला. डाव्या बाजूचं मागचं चाक बद्द वाजलं. तो महिनाभर घरी बसला, धाव तापवून पुन्हा चढवून घेतली आणि पास घेऊन गेला. पण लाकूड तेच. पुढच्या वर्षी तपासणीच्या दोन दिवस आधी तो गाडी घेऊन थेट माझ्या दाराशी आला. त्या दिवशी त्याला थट्टा सुचत नव्हती.

"रावसाहेब, तुमची ती हातोडी जरा आनता का?"

मी चारही चाकं वाजवली. मागची दोन्ही पोकळ बोलली.

"अरे, ही चाकंच बदलायला हवीत," मी म्हटलं. "बाभळीची नवी करून घे."

"कल्यानचा सुतार बोलतो, दीड महिना लागंल. लगीनसराईची कामं हायेत त्याच्याकडं. आनि तपासनी परवा. यंदा नापास जालो तर नंबर गेला माझा." त्यानं नकळत बिल्ल्यावर हात ठेवला होता. "बारा वर्सं, रावसाहेब."

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी म्हणालो, "मग आदल्या दिवसापासून चाकं तळ्यात बुडवून ठेव. लाकूड फुगेल, धाव घट्ट बसेल."

ही काही माझ्या डोक्यातली युक्ती नव्हे. सगळे गाडीवान ती करत, मला ते कळे, आणि चाक ओलसर दिसलं तर मी कानउघाडणी करून परत पाठवी. दुसऱ्यांना ज्यासाठी रागावायचो तेच मी त्याला आपण होऊन सांगितलं. एवढं मात्र बजावलं, "हे चार दिवसांचं सोंग आहे. पास झाला की सरळ कल्याणला जा आणि सुताराच्या दारात बस."

"क्रुसाची शपथ," तो म्हणाला.

तपासणीला त्याची चाकं कोरडी पुसून, तेल लावून आणलेली होती. हातोडी मारली, खणखणीत आवाज. त्यानं मला डोळा मारला. मी वहीत लिहिलं, चाके ठीक. साहेबानं सही केली. तो बिल्ला चमकवत निघाला आणि मला मनातून फार बरं वाटलं. एका भल्या माणसाचं आपण भलं केलं, असं मी त्या दिवशी बायकोलाही सांगितलं.

पुढे लगीनसराई आली. वऱ्हाडं, पाहुणे, स्टेशनावरून रोजच्या खेपा. तो मला रस्त्यात रोज दिसायचा. एकदा मी हाक मारून विचारलं, "काय रे, कल्याणला गेलास का?" तो लांबूनच ओरडला, "जातो, या सोमवारी!" त्यानंतर दोन सोमवार गेले. मी परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कचेरीत त्याला बोलावून बिल्ला काढून घ्यायचा अधिकार होता माझ्या साहेबाला, आणि साहेबाच्या कानाशी मी बसलेलो होतो. पण बिल्ला काढायचा तर मीच लिहिलेला शेरा खोटा ठरवावा लागणार. म्हटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे, पाऊस पडला की लाकूड आपोआप फुगेल.

वैशाखात, भर दुपारी, घोडबंदरच्या रस्त्याला भाडं सोडून तो रिकामा परत येत होता. माजिवड्याच्या अलीकडे उतारावर मागच्या चाकाची धाव निसटली. धाव निसटल्यावर घेराचे तुकडे झाले, आरे सुटले आणि गाडी कुशीवर कोसळली. तो खाली सापडला. शेतावरच्या माणसांनी त्याला बाजेवर घालून आणला. दोन दिवस जगला. मी भेटायला गेलो नाही. काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं. काम काही नव्हतं.

चौकशी झाली. साहेबानं मला बोलावलं आणि विचारलं, चैत्रात या गाडीची चाकं कशी होती? मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. माझ्याच वळणदार अक्षरात चाके ठीक असं लिहिलेलं होतं. खाली त्याची सही. त्यानं वाचलं, सहीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, रस्ता खराब असणार. मी ताकाला तूर लागू दिली नाही. रस्ता खराब, असं कागदावर गेलं आणि त्या उतारावर खडीच्या चार गाड्या ओतल्या गेल्या.

त्यानंतर मी बदललो, असं म्हणायला हवं. भिजलेल्या चाकाला मी क्षमा करीनासा झालो. पुढे दोन-तीन वर्षांनी तपासणीच्या आदल्या दिवशी गाड्या कचेरीच्या आवारात बांधून ठेवायचा हुकूम साहेबाकडून काढवला. गाडीवान मला शिव्या घालत. घालू देत, असं मनात म्हणायचो. पण हे सारं वड्याचं तेल वांग्यावर होतं, ते मला कळत होतं.

तो गेल्यावरच्या पहिल्याच चैत्रात त्याची बायको आली होती. अंगावर त्यांच्या बायकांचं नेहमीचं लाल काठाचं लुगडं नव्हतं, विधवेचं काळं होतं. धाकटा दीर घोड्याच्या तोंडाशी उभा होता. नंबर तिच्या नावावर चढवायचा होता आणि गाडी दीर हाकणार होता. पण नाव बदलून नंबर मिळवायचा तर पहिल्याच तपासणीत गाडी पास व्हायला हवी, मुदत मिळायची नाही, असा नियम. गाडी मी लांबूनच ओळखली. रंग पुन्हा दिलेला. मागचं मोडलेलं चाक बाभळीचं नवं होतं. दुसरं जुनंच.

मी हातोडी घेतली. नवं चाक खणखणलं. मग मी वळसा घालून पलीकडे गेलो. वाजवायची गरज नव्हती, धावेच्या कडेला फट दिसत होती. तरी वाजवलं. बद्द.

त्या क्षणी मला वाटलं होतं की लिहून टाकावं, चाके ठीक. तिच्या घरात तीन पोरं होती. पण घोड्याच्या तोंडाशी तो दीर उभा होता, वीस-बावीस वर्षांचा, आणि तो त्याच उतारावरून जाणार होता. मी नापास लिहिलं.

तिला वाचता येत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिनं त्या चाकावर हात ठेवला. रडली नाही. मग हळूच म्हणाली, "गेल्या साली हेच चाक पास केलंव तुमी."

"गेल्या वर्षी ते..." मी म्हटलं आणि थांबलो.

"मना माहित हाय," ती म्हणाली. "तळ्यात घातलेलं. तो बोललेला मना. रावसाहेबांनी सांगितलं बोलला. लय नाव घ्यायचा तुमचं. बाजेवर पडलेला, तवापन बोलला, काय अडलं तर रावसाहेबांकडं जा."

आजूबाजूला गाडीवान उभे होते. दीर खाली मान घालून घोड्याची आयाळ सारखी करत होता. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर मी तरलो असतो.

"मग मना का नाय सांगितलंव?" तिनं विचारलं. "मीबी भिजवली असती."

तिला रस्ता खराब होता एवढंच माहीत होतं, आणि ते मीच कागदावर जाऊ दिलं होतं. भिजवलेल्या चाकानंच तो गेला, हे खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. "पुढचा नंबर," असं ओरडलो आणि पुढच्या टांग्याकडे वळलो. तिचा नंबर त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला गेला. तिच्या नवऱ्यावर मी माया केली आणि तिच्यावर केली नाही, एवढंच तिला वाटलं असेल. अजूनही तिला तसंच वाटत असेल.