मामांचं पॉवर स्टेशन

माझ्या आत्याच्या यजमानांइतकी चौकशी करून वस्तू घेणारा माणूस सबंध नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दुसरा नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून ते आमचे मामा. सोनईजवळ त्यांची थोडी शेती आणि गायी आहेत. चप्पल घ्यायची तर एका पायात नवी आणि एका पायात जुनी घालून ते अख्खा बाजार हिंडून येतात, आणि परत आल्यावर दुकानदाराला सांगतात, "जुनी बरी हाय." मागे एक गाय घ्यायची होती. गाय पसंत पडली, दूध पसंत पडलं, तरी मामा तिची आई बघायला शेजारच्या तालुक्यात गेले. आई बघून समाधान झालं. तोवर गाय दुसऱ्यानं नेली होती. मामांना वाईट वाटलं नाही. "चांगल्या घरातली हुती, कुटंबी नांदल," असं म्हणून ते जेवायला बसले.

असल्या माणसानं बॅटरी घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा घरातल्या कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

कोरोनानंतर आत्याची छाती नाजूक झाली. दम लागला की मशीन लावून औषधाची वाफ घ्यावी लागते, आणि मशीन विजेवर चालतं. सोनईला लाईट जाते, पण लाईनमन ओळखीचा असल्यामुळे कधी येणार ते तरी कळतं. सगळ्यांनी सुचवलं की इन्व्हर्टर बसवा. मामांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इन्व्हर्टर भिंतीला असतोय. आपल्याला हातात धरून नेता येईल असं पायजे." नेता कुठे येईल, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढे कुठल्याशा दुकानात त्यांना कळलं की अशी पेटी असते, तिला मूठ असते, घरच्या लाईटवर नाहीतर उन्हात सोलरचा पत्रा उघडून ती भरता येते, आणि तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. मामांनी गावात येऊन सांगितलं, "पॉवर स्टेशन घ्यायचा इचार हाय." त्याच संध्याकाळी शेजारच्या शेताचे मालक घरी आले आणि तारा आपल्या बांधावरून जाणार का, जमीन किती जाईल, असं विचारू लागले. मामांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "अजून काय ठरलं न्हाई."

मग चौकशी सुरू झाली. मामांचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं, पण वॅट आणि वॅट-अवर यांतला फरक मला इंजिनियर मित्रानं समजावला नव्हता इतका त्यांनी समजावला. "विहिरीत पाणी किती, हा एक प्रश्न. मोटर किती मोठी चालंल, हा दुसरा. दुकानदार एकाचं उत्तर दुसऱ्याला देतोय." पेटीवर जेवढी वीज छापलेली असते तेवढी सगळी मिळत नाही, आत थोडी जिरते, हे कळल्यावर तर त्यांना बरंच वाटलं. दूध संकलन केंद्रावर आयुष्य गेलेल्या माणसाला फॅट कमी लागून पैसे कापले जाणं नवीन नव्हतं. फ्रिज सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट जोर खातो, हेही त्यांना पटलं: "चालती गाडी एक बैल वढतोय, पण जागची हलवायला दोन लागत्यात." आत कोणत्या जातीची बॅटरी असावी यावर त्यांनी महिनोन् महिने घालवले. एक जात वजनाला हलकी, दुसरी जड. पण जड असते ती उन्हाळ्याला दाद देत नाही आणि वर्षं जास्त काढते. मामांनी जड पसंत केली. आत्या चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. ती मला म्हणाली, "मला बघायला आले तवा चहा संपायच्या आत व्हय म्हणाले. माझी जात-कुळी सोडली तर काय बी इचारलं न्हाई."

"तवा मला अक्कल नव्हती," मामा म्हणाले. "पण निघालं बरं."

जड पेटी आपल्याला उचलेल का, हा पुढचा प्रश्न. मामांनी पेटीच्या वजनाइतके कांदे मोजून गोणीत भरले आणि रोज सकाळी ती गोणी घेऊन घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायला लागले. थांब्यावर जरा बसायचं आणि गोणी घेऊन परत यायचं. गावात आधी वाटलं कांद्याला भाव नाही म्हणून मामा परत आणतात. मग वाटलं नवस असेल. कुणी विचारलंच तर मामा म्हणत, "सवय करतोय."

शेवटी नगरच्या एका दुकानात ते आत्याचं वाफेचं मशीन पिशवीत घालून गेले, पेटीला जोडलं आणि दुकानदाराला म्हणाले, "संपंपर्यंत बसतो." मशीन लहान, पेटी मोठी. दुपार झाली तरी पेटी संपेना. दुकानदारानं आधी चहा दिला, मग आपल्या डब्यातली भाकरी दिली. मधल्या वेळात जी गिऱ्हाइकं आली त्यांना मामांनीच माहिती दिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना ही वस्तू तुमच्या उपयोगाची नाही असं पटवून परत पाठवलं. दुकान बंद करताना दुकानदार हात जोडून म्हणाला, "मामा, उद्या एक तर ही घेऊन जा, न्हाई तर नोकरीला लागा." मामांनी पेटी घेतली.

या सगळ्या काळात मामा मला अधूनमधून फोन करत. आमचं घर देवळाली प्रवरेच्या बाजूला, उसातल्या वस्तीवर. "तुमच्याकडं लाईट कवा जाती? मंगळवारी कशी हुती? वारं सुटल्यावर किती येळ येत न्हाई?" मी सांगत असे. माणसाला एखादा नाद लागला की तो दुनियेची माहिती गोळा करतो, असं मला वाटे. आमचं घर हे आत्याचं माहेर आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. वस्तीवर लाईटचा भरवसा नाही म्हणून मशीन आल्यापासून आत्या माहेरी राहायला आली नव्हती. आणि माझे वडील, तिचे थोरले भाऊ, कंबरेच्या दुखण्यानं अंगणापलीकडे जात नव्हते. भाऊबीज मोबाईलवर व्हायची. आत्या ओवाळायची, रेंज जायची, आणि वडील ताटाशिवायच हात जोडून बसलेले दिसायचे.

दिवाळीच्या आधी एक जीप आमच्या दारात थांबली. पुढे मामा, त्यांच्या मांडीवर पेटी, मागे आत्या. वडील काठी टेकत अंगणाच्या टोकापर्यंत गेले. आत्यानं त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"पाव्हणं, पेटी कुटं ठिवू?" मामांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. आत्याला फराळाच्या तळणाचा धूर लागून दम लागला होता. मामांनी शांतपणे मशीन पेटीला जोडलं, आणि सगळे कौतुकानं बघत उभे राहिले. आई तर इतकी हरखली की तिनं वडिलांचा सदरा आणला आणि पेटीच्या दुसऱ्या भोकात इस्त्री लावली. पेटीनं एक बारीक शिट्टी मारली आणि गप्प झाली. मशीनही गप्प झालं. आत्याच्या श्वासाचा आवाज तेवढा घरात राहिला. वडील उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. मामा खाली वाकले, इस्त्री काढली, एक बटण दाबून धरलं. पेटीवरचे आकडे पुन्हा उजळले, मशीन घरघरायला लागलं. आत्याचा चेहरा हळूहळू निवळला. मग मामांनी इस्त्री आईच्या हातात दिली. "वहिनी, पाणी हाय विहिरीत. पण मोटर लई मोठी लावली."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त वाफ संपेपर्यंत ते पेटीपासून उठले नाहीत.

भाऊबीज झाली, तरी आत्या राहिली. मामांना गायींसाठी परत जावं लागलं. जाताना त्यांनी पेटी इथेच ठेवली. ती कशी भरायची, कुठे ऊन येतं, कुठे ठेवायची नाही, हे सगळ्यांना वेगवेगळं बसवून समजावलं. आईला जरा जास्त वेळ. आत्याचा मुक्काम लांबत गेला. वडिलांना जेवण जाऊ लागलं, म्हणून कुणी तिला जा म्हणालं नाही, आणि ये असं मामाही म्हणाले नाहीत.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. तिकडे लाईट गेली होती. अंधारातच बसलोय म्हणाले. आत्याची वाफ चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"फोन जरा मशीनजवळ धर."

मी धरला. घरघर चालू होती. औषध संपलं तसं आत्यानं मशीन बंद केलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या वडिलांशी बोलायला लागली. लहानपणी कुणाच्या तरी चिंचेवर दोघं चढली होती आणि उतरताना कोण आधी रडलं, यावरून त्यांचा वाद चालला होता. आत्या हसत होती, आणि हसताना तिला दम लागत नव्हता.

मी फोन कानाला लावला. "मामा, मशीन बंद झालं."

"व्हय, कळलं," ते म्हणाले. पलीकडे कुठली तरी गाय हंबरली. "असू दे तिकडंच धरून थोडा येळ."