बोथट ब्लेड

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवालाही नाही. देवाला काय सांगायचं, त्याने बघितलंच असेल मेलं सगळं. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

माझ्या सासऱ्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्याआधी शांती नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याइतका टापटीप माणूस नव्हता. रत्नागिरीहून आले तेव्हापासून रोज अंघोळीआधी दाढी. ब्लेडची धार जरा उतरली की काचेच्या पेल्याला आतून घासून आणखी एखादी दाढी काढायचे, मग कागदात गुंडाळून टाकायचे. मला सांगायचे, "सूनबाई, बोथट ब्लेड कापत नाय, ओरबाडतं."

म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

नवरा सकाळी लवकर कामाला जातो, म्हणून बाबांची दाढी माझ्याकडे आली. सुरुवातीला नीट केली. मग एकदा ब्लेड बदलायचं राहून गेलं — खरंच राहून गेलं. रेझर गालावर अडकला, केस ओढले गेले, बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज नाही. आणि मला — कसं सांगू? — बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवी ब्लेडं खणात होती. मी तेच जुनं लावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. धुऊन पुसायचेही नाही, ओलंच ठेवायचे. सुरुवात डाव्या गालापासून करायची, कारण उजवा बधिर होता. कापलं की तुरटी, जरा दाबूनच.

ते कसे होते, विचारू नका. माझ्या आमटीला नावं ठेवायचे, माझं माहेर काढायचे — कुठल्या सासऱ्याने नाही काढलं? त्याने काय होतं? खरं एवढंच, की माझ्या हाताखाली एक माणूस होता आणि त्याला 'आई गं' म्हणता येत नव्हतं. ते मला आवडलं.

शेजारच्या गुजराती भाभी दारातून बघून म्हणायच्या, "आजकल ऐसी बहू कहाँ मिलती है!" मी लाजायचे. लाजायचे हो!

एका रविवारी नवऱ्याने दाढी केली, खणातलं नवं ब्लेड घेऊन. बाबांनी डोळे मिटून घेतले. "बाबा, बरं वाटतंय ना?" नवऱ्याने विचारलं. त्यांनी मान हलवली, मग माझ्याकडे बघितलं. खणाकडे नुसतं बोट केलं असतं तरी पुरे होतं. डावा हात चालत होता त्यांचा. नाही केलं.

सोमवारी मी रेझरमधलं नवं ब्लेड काढलं आणि जुनं परत चढवलं. त्यांच्यासमोर. ते बघत होते. फेस लावला, रेझर जवळ नेला, तेव्हा त्यांनी डावा हात उचलला. वाटलं, आता माझं मनगट धरणार. त्यांनी तो स्वतःच्याच गालावर ठेवला आणि कातडी वर ताणून धरली — मला सोपं जावं म्हणून.

मी पूर्ण दाढी केली. त्याच ब्लेडने. ते गेले त्या आठवड्यापर्यंत तशीच करत राहिले.